गुरुपूजेतील शिष्याचे स्थान

आषाढी पौर्णिमा जवळ आली की शहराशहरांतून गुरुपूजनाचे फलक झळकू लागतात. त्यांवर गुरूंची भव्य प्रतिमा असते, दर्शनाची वेळ असते. सभामंडपात दक्षिणेच्या पाकिटांसाठी पेटीही ठेवलेली असते. कोणाच्या श्रद्धेची थट्टा करण्याचा येथे हेतू नाही. परंतु व्यासपूजा हे या दिवसाचे मूळ नाव, आणि त्या पूजेची मांडणी पाहिली तर तीत एकट्या गुरूला जागाच नाही, हे ध्यानात यावे.

संन्यासी चातुर्मासाच्या आरंभी ही पूजा करतात. तीत व्यासांबरोबर पैल, वैशंपायन, जैमिनी आणि सुमंतु या चार शिष्यांचे आवाहन होते. शंकराचार्यांसमवेत पद्मपाद, सुरेश्वर, हस्तामलक आणि तोटक येतात. व्यासांनी वेदांचे चार विभाग केले आणि एकेक विभाग एकेका शिष्याच्या स्वाधीन केला, अशी परंपरा सांगते. गुरूने काय देऊन टाकले, याचीच ही पूजा होय.

याचे अधिक हृद्य उदाहरण आपल्या पैठणला आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार; सरकारी कारभार सांभाळून परमार्थ करणारे. त्यांचा जन्म आणि निर्वाण ही दोन्ही फाल्गुन वद्य षष्ठीस झाली असे मानतात. इ. स. १५९९ मध्ये नाथांनी देह ठेवला तो याच तिथीस. आज गुरूची ही तिथी सर्वत्र 'नाथषष्ठी' म्हणूनच ओळखली जाते. शिष्याच्या नावामागे गुरूचे नाव झाकले गेले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही!

हिशेबातली एका पैची चूक रात्रभर जागून शोधणाऱ्या एकनाथांची आख्यायिका कारकुनी करणाऱ्या बहुतेकांनी ऐकलेली असते. पुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. असा तरबेज मदतनीस हाताशी ठेवण्याचा मोह कोणत्या वरिष्ठाला होणार नाही? स्वामींनी त्यांना तीर्थयात्रेस पाठविले आणि नंतर गृहस्थाश्रम स्वीकारून पैठणलाच राहण्याची आज्ञा केली. नाथांचे भागवतावरील लेखन, भारुडे, ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण, हे सारे त्या निरोपानंतरच्या आयुष्याचे.

येत्या पौर्णिमेस गुरुपूजनाचा फलक दिसलाच, तर त्यावर एखाद्या तरी शिष्याचे नाव आहे काय, एवढे वाचकांनी पाहावे. देणगीदारांची यादी अर्थात सोडून.