बेने इस्रायल स्वयंपाकघरातील सणांची चाहूल

रायगड जिल्ह्यातील अलिबाग, रेवदंडा, पेण आणि रोहा या परिसरात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजाची मातृभाषा मराठी असून धर्म यहुदी आहे. समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळच्या नवगाव येथे एक गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून या समाजाचा विस्तार झाला. गलबताबरोबर धर्मग्रंथही बुडाले, पुढे हिब्रू भाषाही विस्मरणात गेली आणि तेल गाळण्याचा व्यवसाय करून शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाऊ लागले. शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, ‘शेमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची प्रार्थना आणि अन्नाविषयीचे नियम एवढेच त्यांच्यापाशी उरले. या चार गोष्टींपैकी रोजच्या रोज पाळला जाणारा भाग अन्नाचा होता, आणि म्हणूनच या समाजाच्या श्रद्धेचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर प्रार्थनामंदिराइतकेच स्वयंपाकघराकडेही पाहावे लागते. डेव्हिड रहाबी या कोचीनहून आलेल्या धर्मशिक्षकाने या लोकांची पारख केली तीही, असे परंपरा सांगते, त्यांच्या स्त्रियांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडून बाकीचे बाजूला ठेवले यावरून.

ग्रंथ हाताशी नसताना वर्षाचा क्रम लक्षात राहिला तो पानावर काय वाढले जाणार यावरून, आणि सणांची जुनी मराठी नावे त्याचीच साक्ष देतात. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि 1937 मध्ये प्रसिद्ध झालेल्या समाजाच्या इतिहासात ही नावे नोंदवलेली आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येणाऱ्या तिश्री या हिब्रू महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे वर्षारंभी, ‘नव्याचा सण’ असे; त्यानंतर लगेच नव्या धान्याची खीर नारळाच्या रसात शिजवून ‘खिरीचा सण’ साजरा होई; आणि दहाव्या दिवशी, इतर यहुदी ज्याला योम किप्पुर म्हणतात त्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, पांढरी वस्त्रे नेसून, घराची दारे लावून, अन्नपाण्याशिवाय ‘दारफाळणीचा सण’ पाळला जाई. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकदिनाला, जो पावसाळ्यात येतो, ‘बिरड्याचा सण’ म्हणत, कारण त्या दिवसाच्या उपवासानंतर मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे केळीच्या पानावर वाढले जाई. सारे यहुदी जग ज्या दुःखाची आठवण करते ते दुःख कोकणातल्या एका कडधान्याच्या नावाने लक्षात ठेवले गेले, ही गोष्ट या समाजाच्या मातीशी झालेल्या एकरूपतेचा फार सुंदर पुरावा आहे.

येणाऱ्या सणाची ओढ सर्वांत आधी जाणवते ती चिकाच्या हलव्याच्या तयारीत. हा हलवा वर्षारंभाच्या सणाचा, आणि तो मनात आल्या दिवशी होणारा पदार्थ नाही. गहू काही दिवस भिजवावे लागतात, पाणी बदलत राहावे लागते, मग ते वाटून, फडक्यातून पिळून, खाली बसणारा पांढरा चीक वेगळा काढावा लागतो. हा चीक नारळाचे दूध आणि साखर घालून मंद आचेवर घोटत राहायचा असतो आणि तो कडेने सुटू लागेपर्यंत हात थांबवता येत नाही, म्हणून घरातल्या माणसांनी आळीपाळीने कालथा धरायचा असतो. शेवटी थाळ्यात थापून, वर बदाम-पिस्त्याचे काप पेरून वड्या पाडल्या जातात. आता अनेक घरांत चिकाऐवजी चायना ग्रासचा सोपा मार्ग घेतला जातो, आणि शहरी धावपळीत तो समजण्यासारखाही आहे. परंतु चार जणांनी मिळून एका कढईभोवती उभे राहण्याचा भाग त्याबरोबर निघून जातो, आणि सणाचा निम्मा आनंद त्यातच होता.

या हलव्यात गाईम्हशीचे दूध का नाही, याचे उत्तर धर्मशास्त्रात आहे. मांस आणि दूध एकाच जेवणात घ्यायचे नाही, असा यहुदी आहारनियम असून त्या नियमांना ‘कश्रुत’ म्हणतात. सणाच्या जेवणात मटण असले की दुधाची मिठाई आपोआप वर्ज्य होते, आणि नेमक्या याच ठिकाणी कोकणचा नारळ मदतीला आला. नारळाचे दूध वनस्पतीचे असल्याने ते मटणाच्या रश्श्यातही चालते आणि गोडातही चालते. आशीर्वादाच्या प्रार्थनेसाठी लागणाऱ्या द्राक्षासवाची अडचणही अशीच सुटली: काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून घरीच शरबत केले जाते आणि शुक्रवारी संध्याकाळी शनिवारच्या स्वागताला तोच पेला फिरतो.

वसंतातल्या पेसाह या सणाची, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या उत्सवाची, वाट पाहणे म्हणजे घर उलथेपालथे करणे. या आठ दिवसांत आंबवलेले काहीही घरात असू नये, म्हणून भिंतींना चुना लागतो, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई होते, आणि जुन्या काळी आंबट रसाचे मडके झाकून बाजूला ठेवत, त्यावरूनच या सणाला ‘अनाशी ढाकण्याचा सण’ हे नाव होते. पहिल्या रात्री कुटुंब एकत्र बसून ‘हगादा’ ही सुटकेची कथा वाचते आणि घरातले सर्वांत लहान मूल चार प्रश्न विचारते. ही कथा मराठीत समजावी म्हणून 1874 मध्ये पुण्यात मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी हगादा मराठी भाषांतरासह छापली. तिच्यातील चित्रांत मात्झा, म्हणजे न आंबवलेली पोळी, करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. ज्या भाषेत आई हाक मारते त्याच भाषेत मुक्तीची कथा ऐकण्याचा हक्क त्या चित्रकाराने किती सहजपणे मान्य केला आहे!

सर्वांत जिव्हाळ्याचा विधी मात्र मलिद्याचा. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि वेलची यांचे मिश्रण, त्याभोवती रचलेली फळे आणि एलियाहू हनबी, अर्थात प्रेषित एलियाह, यांच्या स्मरणार्थ म्हटलेल्या हिब्रू प्रार्थना असे त्याचे स्वरूप असते. नवस फेडताना, लग्नाआधी किंवा दूरच्या प्रवासातून कुणी सुखरूप परतल्यावर मलिदा होतो. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या आहेत अशी श्रद्धा असून शेवात या हिब्रू महिन्याच्या पंधराव्या दिवशी तेथे समाजाची माणसे जमतात. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि डिमोना, लोद, रामला, अश्दोद अशा गावांत स्थिरावली. शेवातचा तोच दिवस तिकडे झाडांचा आणि फळांचा सण असल्याने मलिद्याच्या ताटाला तेथेही आपली जागा मिळाली, आणि हैफाजवळ कार्मेल डोंगरातील एलियाहूच्या गुहेपाशी आजही मराठी बोलणारी कुटुंबे पोहे, गूळ आणि खोबरे घेऊन येतात.