टाळ हातात आहे, पण बोटांना कळत नाही

कोजागिरी जवळ आली. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आपल्या गावागावांत काकडा चालेल, म्हणजे महिनाभर पहाटे चारला उठून देवळात जायचं. याच महिन्यात सोयाबीनची सोंगणी आटोपत असते आणि कापसाची वेचणी सुरू होते. दिवसभर हातात विळा नाहीतर बोंडं, पहाटे टाळ. म्हणूनच आज रेडिओवर हाताच्या बधिरपणाबद्दल बोलायचं ठरवलं.

मागच्या महिन्यात गटांच्या एकत्र बैठकीत कर्जवसुलीचं बोलून झालं आणि विषय भजनाकडे वळला. आम्ही सहज विचारलं, वाजवताना कोणाचा हात सुन्न पडतो? पन्नाशी-साठीच्या बऱ्याच बायांनी हात वर केले. एक आजी म्हणाल्या, "रात्री हात असा सुन्न पडते वं माय, उठून झटकाव लागते. मंग झोपच येत नाई." त्या तीस वर्षांपासून मंडळात टाळ धरतात. घरी त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. का, तर सांगितलं की सून म्हणेल आता बसा घरी, आणि मंडळात त्यांची जागा दुसरी कोणी घेईल. ज्या बाईला आठवड्यातून एकदाच घराबाहेर, आपल्या आवडीच्या माणसांत बसायला मिळतं, तिच्यासाठी ही जागा फार मोठी असते. हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आपल्या वऱ्हाडात भजन म्हणजे नुसतं गाणं नसतं. शेगावच्या पालखीत टाळकऱ्यांच्या ओळी आपण दरवर्षी पाहतो. तुकडोजी महाराजांनी हातातल्या खंजिरीवर गावंच्या गावं जागी केली, आणि सत्यपाल महाराज सात-सात खंजिऱ्या वाजवतात. पण वाजवणाऱ्याच्या हाताचं काय होतं, हे आपण विचारतच नाही. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस गळायला लागले, तेव्हा तपासणीची पथकं आली आणि पेपरात फोटो छापून आले. टक्कल सगळ्यांना दिसतं. बधिर झालेलं बोट मात्र ज्याचं त्यालाच माहीत असतं.

बैठकीत कारणंही निघाली. कोणी म्हणे वारा लागला, कोणी म्हणे रक्त कमी झालं, आणि बहुतेकींचं म्हणणं "वय झालं." वयाचा हात यात थोडा आहेच, पण वय झालं म्हणून हात बधिर होत नाही. बधिर होण्यामागे नसेला काहीतरी झालेलं असतं, आणि ते काय आहे हे बरेचदा शोधता येतं.

आता उजवा हात समोर धरा. मनगटाच्या आतल्या बाजूला, तळहात सुरू होतो तिथे, एक अरुंद बोगदा असतो. त्याची खालची बाजू हाडांची आणि वरून एक जाड, चिवट पट्टा. रस्त्याखालच्या मोरीसारखंच म्हणा ना. या मोरीतून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. काम जास्त झालं, सूज आली किंवा मनगट बराच वेळ वाकलेलं राहिलं की आतली जागा कमी पडते. दोऱ्या चिवट असतात, त्या सहन करतात. नस मऊ असते, ती दबते. ठिबकच्या नळीवर पाय पडला की पुढच्या झाडाला पाणी जात नाही, तसंच ही नस दबली की बोटांकडून येणारी जाणीव थांबते. विळा घट्ट धरणं, बोंडातून कापूस ओढणं, धुणं पिळणं आणि वर तास-दोन तास टाळ, या सगळ्याचा भार त्या एकाच मोरीवर येतो. हा त्रास पुरुषांपेक्षा बायांना जास्त होतो. गरोदरपणात, पाळी जाण्याच्या वयात, थायरॉइड किंवा शुगर असलेल्या बाईला तो अधिक होतो.

ओळखायचं कसं? कोणती बोटं बधिर होतात ते पाहा. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो पण करंगळी शाबूत असते, तर मनगटातली नस दबली असण्याची शक्यता मोठी. रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, ही तिची दुसरी खूण. आणखी एक करून पाहा. दोन्ही हातांचे मागचे भाग एकमेकांना टेकवा, बोटं जमिनीकडे, मनगटं पूर्ण वाकलेली, आणि एक मिनिट तसेच राहा. तेवढ्यात त्याच बोटांत मुंग्या आल्या तर डॉक्टरांना ते नक्की सांगा. ही घरची चाचणी आहे, तिच्यावरून निदान मात्र ठरवू नका.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर दुसरी नस धरली जाते, ती कोपराच्या मागून जाते. फळीवर नाहीतर दगडावर कोपर टेकलं की झिणझिणी येते ना, तीच ही नस. कोपर वाकवून उशीखाली हात घेऊन झोपायची सवय असेल तर तीही पाहावी. मानेतून खांद्याकडे कळ जात असेल तर मूळ मानेत असू शकतं. डोक्यावर वर्षानुवर्षं भारे वाहिलेल्या बायांच्या मानेचे मणके झिजलेले असतात. चालताना तोल जातो, ब्लाउजचं बटण लागत नाही, असं काही असेल तर थांबू नका, मानेची तपासणी करून घ्या.

दोन्ही पायांच्या तळव्यांना आधी मुंग्या आल्या आणि मग हातांना, तर शुगर तपासा. तीस वर्षं पूर्ण झालेल्या कोणाचीही शुगर उपकेंद्रात तपासतात, पैसे लागत नाहीत, आशाताईला विचारा. शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर अंगातलं बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. माळकरी घरात मांस-अंडी नसतात, त्यात दूध-दही विकून घरात फार उरत नाही, मग बी-१२ कमी पडायला वेळ लागत नाही. ते कमी झालं तरी हातपाय बधिर होतात आणि ते भरून काढता येतं, पण फार उशीर केला तर नस पूर्ण सुधारत नाही. म्हणून "ताकदीचं इंजेक्शन" म्हणून काहीही टोचून घेण्याआधी रक्त तपासा. शेतात फवारणीचं काम केलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

एक गोष्ट लोक बोलायला लाजतात, ती आम्ही बोलतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्यावर टाचणी टोचलेली कळत नसेल आणि हाताला बधिरपणा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. हा जंतूमुळे होणारा रोग आहे, पापाचं फळ नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं, आणि औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण होण्याचा धोका लवकरच संपतो. लपवलं तर मात्र बोटं वाकडी होतात. अमरावतीचं तपोवन आणि वरोऱ्याचं आनंदवन आपल्याच विदर्भात आहे, तरी आपल्या गावात अजून याचं नाव कुजबुजत घेतात, याचा आम्हाला राग येतो.

आणि हे सगळं हळूहळू होणाऱ्या बधिरपणाबद्दल झालं. एका बाजूचा हात किंवा पाय अचानक गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो लकवा आहे. तेल चोळत बसू नका, १०८ ला फोन करा. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि आपल्याकडून मोठा दवाखाना गाठायलाच त्यातला बराच वेळ जातो.

आता वाजवण्याकडे येऊ. बोटाला जाणवत नाही म्हणून आपण वस्तू जास्त घट्ट धरतो. टाळ निसटेल या भीतीने मूठ आवळली जाते, मूठ आवळली की मनगटातली जागा आणखी कमी होते, आणि हात आणखी बधिर होतो. आमच्या पाहण्यात टाळकरी बायांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. उपाय दोरीत आहे. टाळाची बारीक सुतळी बोटांभोवती पिळून घेऊ नका. जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी, नाहीतर जाड वेणी घाला, म्हणजे टाळ पट्टीच्या आधाराने राहतो, चिमटीत धरावा लागत नाही. मंडळाचे टाळ जड असतील तर एखादी हलकी जोडी म्हाताऱ्या हातांसाठी वेगळी ठेवा. मनगट वाकवून आपटण्यापेक्षा कोपरापासून हात हलवा. पायी दिंडीतल्या जुन्या टाळकऱ्यांकडे नीट पाहा, त्यांचं मनगट फारसं वाकत नाही.

खंजिरी डाव्या हातात वर धरून राहावी लागते, तिच्या कडेला कापड गुंडाळा आणि ओवी संपली की हात खाली सोडा. ढोलकीच्या मोठ्या तोंडावर घुमक काढताना तळहाताचा मनगटाजवळचा भाग दाबला जातो, बरोबर त्या मोरीवर. हात दुखरा असेल तेव्हा घुमक सोडून साधा ठेका धरा, भजन काही अडत नाही. पेटीचा नेम असा की कोपर आणि सुरांच्या पट्ट्या साधारण एका उंचीवर हव्यात. पेटी उंच वाटत असेल तर स्वतःखाली गोधडीची घडी घ्या, बुटकी वाटत असेल तर पेटीखाली पाट ठेवा, आणि मनगट पेटीच्या लाकडी काठावर टेकवून वाजवू नका.

काकड्याला आणखी एक अडचण असते. रात्रभर वाकलेल्या मनगटाने झोपलेला हात पहाटेच सगळ्यात जास्त बधिर असतो, आणि तोच हात आपण लगेच कामाला लावतो. त्यामुळे उठल्यावर पाच-दहा मिनिटं बोटं उघडा-मिटा, खांदे फिरवा. कोमट पाण्यात हात धरायचे असतील तर पाणी आधी कोपराने तपासा, कारण बधिर हाताला भाजलेलं कळत नाही. चुलीवरचा तवाही सांडशीनेच धरा, पदराने नको.

रात्रीसाठी मनगट सरळ ठेवणारा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो. तो मिळेपर्यंत लाकडी फूटपट्टीला कापड गुंडाळून तळहातापासून अर्ध्या हातापर्यंत सैल बांधा. करकचून बांधलं तर उलटंच होईल. मनगट सरळ हवं, मागे-पुढे वाकलेलं नको. सहा आठवडे रोज लावल्याशिवाय गुण आला की नाही ते ठरवू नका. बांगड्या घट्ट असतील तर झोपताना काढा. दुकानातून मागून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी बधिरपणा जात नाही, पोट आणि किडनी मात्र खराब होते.

एवढं करून फरक नाही, हातातून वस्तू पडायला लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसत चालला, तर हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका. ते नसेची तपासणी करतात, मनगटात इंजेक्शन देतात किंवा छोटं ऑपरेशन सुचवतात. ऑपरेशन म्हटलं की बाया म्हणतात, नस कापतात. नस कापत नाहीत, तिच्यावरचा तो जाड पट्टा कापून तिला जागा करून देतात, बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून. टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात, जड कामाला मात्र पुढचे काही आठवडे सुट्टी घ्यावी लागते. म्हणून ते वेचणीच्या तोंडावर नको, आणि घरात तेवढे दिवस पाणी कोण भरणार हे आधी ठरवून घ्या. खर्चाबाबत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा, आणि गटातून आजारपणासाठी कर्ज घेता येतं हेही विसरू नका. म्हशीसाठी कर्ज मागताना आपण लाजत नाही.

काही हात उपचारानंतरही पहिल्यासारखे होत नाहीत. अमेरिकेत लिऑन फ्लायशर नावाचे मोठे पियानोवादक होऊन गेले. त्यांचा आजार वेगळा होता, ऐन पस्तिशीत उजव्या हाताची दोन बोटं आत वळायला लागली. त्यांनी बरीच वर्षं फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवलं, विद्यार्थी घडवले, आणि सत्तरीच्या जवळ आल्यावर उपचारांनी पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. आपल्या मंडळात तर यापेक्षा सोपं आहे. दर तीन-चार अभंगांनंतर टाळ शेजारणीकडे द्यायचा, आजींनी मधल्या वेळात चाल धरायची. तीस वर्षांच्या चाली तरुण सुनांना कुठे येतात? हा नेम मात्र सगळ्यांसाठी लावा. एकट्या म्हातारीचा टाळ काढून घेतला तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना आपापले टाळ घेऊन या, जुन्या साड्यांच्या पट्ट्या आम्ही आणतो, तिथेच दोऱ्या बदलू. आशाताई शुगर तपासायला येणार आहेत. ज्यांना दवाखान्यात जायचं आहे त्यांनी आठ दिवस वहीत लिहून ठेवा, नाहीतर लेकीकडून लिहून घ्या: कोणतं बोट, कोणत्या वेळी, कोणतं काम करताना, चालू गोळ्या कोणत्या. ही वही आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकूनच एसटीत बसा.