नंबर बरोबर, तरी दिवा फुटलेला

रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला शेपूट फुटलेले दिसते, रस्त्यावरच्या दिव्यांभोवती वलये दिसतात. चष्मा नवा आहे, नंबर दोनदा तपासून झाला आहे. ‘तुमचा नंबर अगदी बरोबर आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर माणूस वैतागणारच. खरे तर दोघांचेही म्हणणे बरोबर असू शकते. चष्मा साधा नंबर आणि सिलिंडर एवढेच दोष सावरतो. कॉर्नियाच्या बारीक उंचसखलपणामुळे येणारे दोष त्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. अंधारात बाहुली मोठी होते, कॉर्नियाच्या कडेकडच्या भागातूनही प्रकाश आत शिरतो, म्हणून हा त्रास रात्री वाढतो.

हे दोष मोजायची युक्ती आली आहे दुर्बिणीकडून. जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान्स हार्टमान भोके पाडलेला पडदा वापरून दुर्बिणीच्या भिंगाची परीक्षा करत. भोकांमधून प्रकाश फार थोडा मिळे. १९७१ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे रोलंड शॅक आणि बेन प्लॅट यांनी भोकांच्या जागी चिमुकल्या भिंगांची जाळी वापरण्याची पद्धत मांडली. त्यांना जमिनीवरून उपग्रहांची स्वच्छ छायाचित्रे हवी होती. डोळ्यासाठी ही जाळी वापरल्याचा शोधनिबंध जुन्झोंग लियांग, योसेफ बिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला.

तपासणीत डोळ्यात मंद अवरक्त किरण सोडतात. दृष्टिपटलावरून परतणारा प्रकाश बाहेर पडताना नेत्रभिंगाच्या आणि कॉर्नियाच्या खोडी सोबत घेऊन येतो. जाळीतले एकेक भिंग मिलिमीटरहूनही लहान असते आणि आपल्या वाट्याच्या प्रकाशाचा एक ठिपका कॅमेऱ्यावर पाडते. डोळा निर्दोष असेल तर ठिपके रांगोळीच्या कागदावरच्यासारखे ओळीत बसतात. जिथे पृष्ठभाग वाकडा, तिथला ठिपका सरकतो. तो कोणत्या दिशेला आणि किती सरकला यावरून संगणक दोषाचा पूर्ण नकाशा काढतो. रुग्णाला काही वाचून दाखवावे लागत नाही, ‘हे स्पष्ट की ते?’ असे कोणी विचारत नाही. सगळे काही सेकंदांत आटोपते.

लेसिकच्या जाहिरातींत ‘वेव्हफ्रंट’ म्हणून मिरवते ते हेच. पण नकाशा मिळाला म्हणून प्रत्येक डोळ्यावर लेसर चालवता येत नाही. कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येण्याचा केराटोकोनस हा विकार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. त्यात ठिपक्यांची रांगोळी विस्कटते. अशा डोळ्यावर लेसिक केल्यास कॉर्निया आणखी दुबळा होतो, म्हणून आधी त्याच्या जाडीचा आणि आकाराचा स्वतंत्र नकाशा काढावाच लागतो. रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश यांनी करतात ते क्रॉसलिंकिंग विकाराची वाढ थांबवू शकते. गेलेली नजर मात्र त्याने सहसा पूर्ववत होत नाही. मुलाचा सिलिंडर नंबर पुन्हा पुन्हा बदलत असेल आणि त्याला डोळे चोळायची सवय असेल, तर नवा चष्मा करण्याआधी कॉर्नियाची तपासणी करून घ्यावी.