वाढत्या गुडघ्याला सुरी लावण्याआधी

सीमाभागातली पोरं लहान वयातच अंगमेहनतीला लागतात. येळ्ळूर, कंग्राळी, कडोलीपासून निपाणीच्या आसपासच्या गावांपर्यंत तालमीत जोर-बैठका चालतात आणि पहाटे रस्त्याच्या कडेने भरतीची तयारी करणारी मुलं पळताना दिसतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने फौज इथल्या घराघराला जवळची वाटते. याच मुलांपैकी काहींच्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या माथ्यावर, एक टणक टेंगूळ येतं. त्यावर अंगठा दाबला की पोर कळवळतं. जिना उतरताना, बैठक मारताना, मॅटवर गुडघा टेकताना तीच जागा ठणकते. बॉस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिकचे कार्ल श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली हे दुखणं स्वतंत्रपणे नोंदवलं, म्हणून त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. ‘ऑपरेशन करून टाकू का?’ हा आईबापांचा प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर आधी हाडाची वाढ पुरी झाली आहे की नाही यावर ठरतं, किती दुखतं हे त्यानंतर बघायचं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

कारण सोपं आहे. मांडीचा पुढचा दणकट स्नायू वाटीवरून खाली येतो आणि जाड कंडरेने नडगीच्या माथ्याला जोडलेला असतो. मुलींमध्ये साधारण दहा ते तेरा आणि मुलांमध्ये बारा ते पंधरा या वयात तो माथा पुरता हाड झालेला नसतो, तिथे मऊ कूर्चा असते. ओल्या मातीत रोवलेल्या खुंट्याला बैलाने दिवसभर हिसके द्यावेत, तशी प्रत्येक उडीला आणि बैठकीला ती जागा ओढली जाते, सुजते आणि उंचावते. पुढे कूर्चेचं हाड झालं की बहुतेकांचं दुखणं आपोआप थांबतं. टेंगूळ मात्र राहतं आणि ते राहिलं म्हणून काही बिघडत नाही. या वाढत्या जागेवर शस्त्रक्रिया केली आणि कूर्चेला इजा झाली, तर नडगीची पुढची बाजू वाढायची थांबते, मागची वाढत राहते आणि गुडघा उलटा, मागच्या बाजूला वाकू लागतो. आज ना उद्या जाणाऱ्या दुखण्यासाठी हे संकट ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

यावर वस्ताद म्हणतील, मग पोराने वर्षभर बसून राहायचं का? मुळीच नाही. डेन्मार्कमध्ये १० ते १४ वर्षांच्या ५१ मुलांवर बारा आठवड्यांचा एक उपचारक्रम करून पाहिला. त्यात ताण देणारे खेळ काही काळ कमी केले आणि मांडीचा स्नायू टप्प्याटप्प्याने बळकट केला. बारा आठवड्यांनी ८० टक्के आणि वर्षाने ९० टक्के मुलांनी चांगला फरक पडल्याचं सांगितलं. पण बारा आठवड्यांत खेळात परतलेली मुलं अवघी १६ टक्के होती, वर्षाने ६९ टक्के. म्हणजे उपाय आहे, फक्त तो हंगामाच्या तारखा पाळत नाही. चटकन आराम पडावा म्हणून त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणंही टाळावं, कारण त्याने कातडी पातळ होते आणि कंडरा कमजोर पडू शकते.

दुसरी चूक याच्या उलट आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरालाही ‘वाढीचं दुखणं आहे, जाईल’ असं सांगून घरी पाठवतात. हाडाची वाढ संपल्यावर ते आपोआप जाईल अशी आशा फारशी उरत नाही. अशा गुडघ्याचा बाजूने एक्स-रे काढला की पुष्कळदा कंडरेच्या मागे हाडाचा एक सुटा तुकडा दिसतो. तिथे शस्त्रक्रियेला खरा अर्थ आहे. कंडरेचे धागे उभे बाजूला सारून तो तुकडा काढतात, उंचवटा तासतात, कंडरेची पकड मात्र तशीच ठेवतात. काही ठिकाणी हे दुर्बिणीतूनही होतं. फिनलंडच्या लष्करातल्या १०७ तरुणांची अशा शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा वर्षांनी पाहणी झाली. त्यांपैकी ८७ टक्क्यांना रोजच्या कामात अडचण नव्हती आणि ७५ टक्के पूर्वीच्या पातळीवर खेळत होते. मात्र गुडघे टेकताना अजिबात न दुखणारे फक्त ३८ टक्के होते. मातीत आणि मॅटवर गुडघ्यावर झुंजणाऱ्या पैलवानाने हा शेवटचा आकडा नीट ऐकून मगच होकार द्यावा.

‘भरतीचं वय निघून जातंय, थांबायला वेळ कुठे आहे?’ ही अडचण खरी आहे आणि ती मला हलकी वाटत नाही. अग्निवीर भरती साडेसतराव्या वर्षी सुरू होते आणि १.६ किलोमीटरची धाव कुणाच्या दुखण्यासाठी थांबत नाही. पण ऑपरेशननेही वेळ वाचत नाही, पुन्हा जोरात पळायला काही महिने जातातच. भरतीच्या तोंडावर सुरी लावली तर तो हंगाम हमखास हुकतो.

एक सावधगिरी मात्र वयाकडे न बघता घ्यायची. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, उतरणारं वजन, लंगडणं किंवा दिवसेंदिवस वाढणारी गाठ असेल तर वाट पाहू नका. या वयात हाडाचा कर्करोग गुडघ्याभोवतीच जास्त आढळतो आणि खुब्याचा आजारही कधीकधी फक्त गुडघेदुखी होऊन दिसतो. अशा मुलाला त्याच आठवड्यात बेळगाव किंवा कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयात न्यावं.

तालमीच्या वस्तादांना आणि भरती अकादमी चालवणाऱ्यांना एकच विनंती आहे. चौदा वर्षांच्या पोराचं टेंगूळ दुखत असेल तर त्याच्या बैठका आणि उड्या कमी करा, त्याला आळशी म्हणू नका. आणि एकोणिसाव्या वर्षीही दुखत असेल तर तेल चोळत न बसता त्याला हाडांच्या डॉक्टरकडे एक्स-रेसाठी पाठवा.