तबकडी पोलादाची

सकाळी ६.३०. स्वीडनमधल्या लिंशोपिंगमध्ये डिसेंबरात या वेळी मिट्ट काळोख असतो. मनगटावर चढवतो ते जीओएस कंपनीचं घड्याळ, सारेक मालिकेतलं. सारेक म्हणजे लॅपलंडमधलं, १९०९ सालचं राष्ट्रीय उद्यान. कंपनीच्या नावात दोन आडनावं आहेत : गुस्टाफसन सुऱ्यांची पाती घडवणारा लोहार, श्योग्रेन घड्याळजी. दोघांनी २००७ साली भागीदारी मांडली. दिव्याच्या उजेडात तबकडी नुसती काळपट दिसते.

८.००. प्रयोगशाळा. माझं काम पोलादाचे नमुने तपासण्याचं. कापायचे, आरशासारखे घासायचे, आम्ल लावायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. घासलेल्या नमुन्यावर काहीच दिसत नाही. आम्लाने चावा घेतला की आतली रचना वर येते. तबकडीवरची नक्षीही अशीच येते. दोन जातींच्या पोलादाचे थर एकावर एक रचून भट्टीत तापवायचे, ठोकून एकजीव करायचे, पिळायचे, पुन्हा ठोकायचे, मग काप घ्यायचा. आम्ल एका थराला जास्त खातं, दुसऱ्याला कमी. त्यातून नक्षी उमटते. थर दर वेळी वेगळे वळतात, म्हणून दोन तबकड्या सारख्या निघत नाहीत.

९.३०. फिका, म्हणजे इथली कॉफीची सुट्टी. एव्हाना सूर्य जेमतेम वर आलेला असतो. खिडकीपाशी मनगट वळवलं की काळपट तबकडीत निळा, जांभळा, मध्येच सोनेरी रंग धावतो. हा रंग लावलेला नाही. पोलाद तापवलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो : आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा. साध्या कार्बन पोलादाला ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळा चढतो; स्टेनलेसला याहून जास्त उष्णता लागते. थोडं जास्त तापलं की हवा तो रंग निघून जातो, मग घासून पहिल्यापासून सुरुवात. आमच्याकडे भट्टीला तापमापक आणि संगणक आहे, तरी नमुने बिघडतात. तेव्हा ही तबकडी घडवणाऱ्या कारागिराला मी मनातल्या मनात नमस्कार घालतो.

१२.००. जेवताना एक जण तबकडीवरची नक्षी बघून विचारतो, हे लहरींचं दमास्कसचं पोलाद तुमच्या भारतातलंच ना? अर्धं खरं. तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत मुशीत वितळवून केलेलं वूट्झ पोलाद पश्चिम आशियात जाई. त्यातली लहर कार्बाइडच्या पट्ट्यांची, एकाच गोळ्यातून आलेली. ही तबकडी मात्र थर जोडून घडवलेली आहे. कुळं दोन, रूप सारखं.

३.००. सूर्य मावळतो. तबकडी पुन्हा काळी.

संध्याकाळी ५.३०. बसमध्ये फोनशी वेळ जुळवून पाहतो. काही सेकंदांचा फरक. यांत्रिक घड्याळात एवढं चालायचंच. आतल्या यंत्राचा पाया स्विस, सोप्रॉड कंपनीचा : तासाला २८,८०० ठोके. मागच्या बाजूचा तीन हातांचा रोटर देखणा आहे, पण असं यंत्र याहून पुष्कळ कमी पैशांत मिळतं. यंत्रासाठी म्हणाल तर हे घड्याळ महाग आहे. तबकडीसाठी मला नाही वाटत. घ्यायचा विचार असेल तर फोटोवरून ठरवू नका. दिवसा, खिडकीपाशी हातात घेऊन बघा.