एकाच बेटावर दोन खंडांचे जीवाश्म कसे? ट्रायलोबाईटनी सांगितलेली हरवलेल्या महासागराची गोष्ट

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या पश्चिम भागात ट्रायलोबाईटचे जे जीवाश्म सापडतात, तसेच अमेरिकेत आणि ग्रीनलंडमध्येही सापडतात. पूर्व भागातले जीवाश्म मात्र थेट वेल्स आणि स्वीडनमधल्या जीवाश्मांशी जुळतात. बेट एकच, मग असं का?

ट्रायलोबाईट म्हणजे काय?

खेकडे, विंचू यांच्यासारखे सांधेदार पायांचे, कठीण कवचाचे समुद्री प्राणी. ते सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी आले आणि २५ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले.

त्यांचे गट कसे पाडतात?

खेकड्याप्रमाणेच ट्रायलोबाईटही वाढताना जुनं कवच टाकून देत. बहुतेकांच्या डोक्यावर त्यासाठी एक शिवण असे, तिथूनच कवच उकले. ही शिवण वर्गीकरणातली महत्त्वाची खूण आहे. ‘रेडलिकीडा’ या प्राचीन गटातल्या ऑलेनेलसला ती नाही, पॅराडॉक्साइड्सला आहे.

नकाशा काय सांगतो?

ऑलेनेलस: पश्चिम न्यूफाउंडलंड, अमेरिका, ग्रीनलंड आणि वायव्य स्कॉटलंड.

पॅराडॉक्साइड्स: पूर्व न्यूफाउंडलंड, बोस्टनचा परिसर, वेल्स, स्वीडन, चेक प्रजासत्ताक, मोरोक्को.

ऑलेनेलस थोडा आधीचा आहे, पण प्रश्न फक्त काळाचा नाही. पॅराडॉक्साइड्सच्या काळातही पश्चिम न्यूफाउंडलंडच्या बाजूला वेगळेच ट्रायलोबाईट होते. म्हणजे या दोन प्रदेशांमधली सीमा आजच्या अटलांटिकमधून जात नाही. ती न्यूफाउंडलंडला चिरते आणि स्कॉटलंडला वेल्सपासून वेगळं करते.

मग उत्तर काय?

१९६६ मध्ये कॅनडाचे भूशास्त्रज्ञ जे. तुझो विल्सन यांनी ‘नेचर’मध्ये प्रश्न विचारला: अटलांटिक एकदा मिटून पुन्हा उघडला का? आज उत्तर ‘हो’ असं आहे. अटलांटिकच्या आधी तिथे आयापेटस नावाचा महासागर होता. उथळ समुद्रतळावर राहणाऱ्या ट्रायलोबाईटना तो ओलांडता येत नव्हता. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी तो मिटला आणि दोन्ही किनारे एकमेकांना चिकटले. पुढे आजचा अटलांटिक उघडला, तो थोड्या वेगळ्या रेषेवर. त्यामुळे स्कॉटलंड युरोपकडे राहिलं आणि पूर्व न्यूफाउंडलंड अमेरिकेकडे.

भारताचं काय?

रेडलिकीडा गटाला ज्याच्यावरून नाव मिळालं, तो रेडलिकिया हिमाचलमधल्या स्पितीत सापडतो. चीन आणि ऑस्ट्रेलियातही तो आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया तेव्हा गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते.