मुंबईचे मैल जिथून सुरू होतात

हॉर्निमन सर्कलच्या बागेसमोर, वीर नरिमन रस्त्यावर सेंट थॉमस कॅथेड्रल उभं आहे. मुंबईतलं हे पहिलं अँग्लिकन चर्च. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरच्या कारकिर्दीत, १६७०च्या दशकात, त्याचा पाया घातला गेला. भिंती पंधराएक फूट चढल्या आणि पुढची सुमारे चाळीस वर्षं बांधकाम तसंच बिनछपराचं पडून राहिलं. ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार वाढत होता, प्रार्थनेच्या जागेसाठी मात्र पैसा निघत नव्हता. १७१४ मध्ये आलेल्या रिचर्ड कॉब या पाद्र्यानं गोऱ्या वस्तीच्या मागे लागून वर्गणी जमवली, आणि १७१८ च्या नाताळात चर्च खुलं झालं. कोटाच्या ज्या दरवाजातून इकडे येता येई, तो चर्चगेट. १८६०च्या दशकात तटबंदीबरोबर दरवाजाही पाडला गेला; नाव मात्र पश्चिम रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनानं जपलं.

१८३७ मध्ये चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला, त्यानंतर मनोरा आला. पण इथे थांबावं ते आतल्या भिंतींपाशी. तापानं, लढाईत, समुद्रावर गेलेल्या माणसांच्या संगमरवरी पाट्या ओळीनं लावलेल्या आहेत. कित्येकांनी तिशीही पाहिली नव्हती. सोळा वर्षं मुंबईचा गव्हर्नर असलेला जोनाथन डंकन १८११ मध्ये वारला, तोही इथेच विसावला आहे. बनारस आणि काठेवाडातली बालिकाहत्या थांबवण्यासाठी तो झटला, आणि त्याच्या स्मारकशिल्पात त्या कामाचं श्रेय कोरलेलं आहे. प्रथा काही तेवढ्यानं संपली नाही. १८७० मध्ये सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. तरीही सत्तेच्या मंदिरात, लढाया जिंकणाऱ्यांच्या शेजारी, न वाचलेल्या मुलींची आठवण दगडात राहावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

या चर्चचा सर्वांत मोठा ऐवज मात्र त्याच्या आवाराबाहेर आहे. जुन्या मुंबईतली अंतरं इथून मोजली जात. काळबादेवीपासून दादरपर्यंत बसाल्टचे मैलाचे दगड रोवले होते. त्यांवर सेंट थॉमस चर्चपासूनचे मैल रोमन आकड्यांत कोरलेले. रस्ते उंचावत गेले तसे ते फुटपाथात रुतले, काहींवर रंगाचे थर चढले. अलीकडे महापालिकेनं त्यांतले काही वर काढून स्वच्छ केले आहेत. उरलेलेही काढायला हवेत, आणि शेजारी मराठीत एक पाटी हवी: हा दगड कुठून मोजलेला आहे, एवढं सांगणारी.